सदतिसावं पान

सायकलच्या ट्यूबचा तुकडा. त्यावर पंक्चरचं सोल्युशन. त्यावर पुन्हा ट्यूबचा तुकडा. पेटीत पाणी शिरू नये म्हणून.

*

दोन यंत्रं तारेवरून एकमेकांना टपाल देतात तेव्हा आकड्यांत बोलतात. २२० : मी तयार आहे, बोला. ३५४ : सांगा, ऐकतोय. २५० : पोचलं. २२१ : बरंय, या. ५५४ : तुमच्याशी व्यवहार नाही.

*

शहासने सर सगळ्यांचे कप भरल्याशिवाय चहाचा पहिला घोट घेत नसत. त्यांचा चहा कायम गार.

*

चंदगडकडच्या वाड्यांवर कुणाच्या घरी गेलं तर अंगणातूनच हाक मारायची असते. "हाय का कोण घरात?" मुकाट्यानं दाराशी उभा राहणारा माणूस एकतर चोर असतो, नाहीतर जनगणनेवाला.

*

आमच्या सर्व्हरच्या प्रोग्रॅममधली चारशे बारावी ओळ. शेजारी टीप : मगदूमांना थांबायला लावू नये. – शं. शहासने.

*

ती ओळ मी खोडली.

५५४

दोन हजार चार सालचा ऑक्टोबर. प्रभात रोडच्या एका गल्लीत, बंगल्याच्या तळमजल्यावर आमची नऊ माणसांची कंपनी होती. आम्ही टपालाचे सर्व्हर लिहायचो. मी चोवीस वर्षांची होते आणि माझं टेबल शहासने सरांच्या समोर होतं.

आमच्या गिऱ्हाइकांत नदीमापन न्यास नावाची एक संस्था होती. चंदगड तालुक्यातल्या एका नदीवर अकरा बंधारे, प्रत्येक बंधाऱ्यावर एक पेटी. पेटी दिवसातून तीनदा फोन लावायची आणि पाण्याची पातळी आमच्या सर्व्हरला टपालानं कळवायची. पावसाळा सरला की बंधाऱ्याच्या खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवून पाणी अडवतात. बरगे लवकर बसवले तर मागून आलेला लोंढा ते उचलून नेतो, उशिरा बसवले तर पाणी निघून गेलेलं असतं. कधी बसवायचे ते पेट्या सांगत.

त्या वर्षी कचरा टपालाचा महापूर आला होता. जाहिराती, लॉटऱ्या, नको त्या गोळ्या. मी चार दिवस नोंदी वाचत बसले आणि मला एक गोष्ट दिसली. कचरा पाठवणारे प्रोग्रॅम घाईत असतात. टपालाच्या मानकात लिहिलंय की जोडणी झाली की आधी सर्व्हर २२० म्हणेल, पाठवणाऱ्यानं तोवर थांबावं. हे थांबत नाहीत. दार उघडायच्या आत बोलायला लागतात.

मी नियम लिहिला : जो २२०च्या आधी बोलेल त्याला ५५४ सांगून तोडायचं.

कचरा एका दिवसात तिपटीनं कमी झाला. न्यासाचे बिडवे साहेब फोनवर म्हणाले, "उल्का मॅडम, पेढे पाठवतो." पाठवलेही.

राहिली ती चारशे बारावी ओळ. अकरा नंबरांना २२०साठी थांबण्यातून सूट देणारी, म्हणजे माझ्या नियमातूनही. सर तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते. कोण मगदूम, का थांबायचं नाही, काही लिहिलेलं नव्हतं. आणि सरांनीच मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, "प्रोग्रॅममध्ये माणसाचं नाव घालायचं नाही. माणूस बदलतो, नियम राहतो."

चौथ्या दिवशी बिडव्यांचा फोन आला. पेढ्यांचा आवाज नव्हता.

"अकराच्या अकरा पेट्या मुक्या झाल्यात. आमच्या ट्रस्टींना निमित्तच हवं होतं. ती घरगुती खोकी काढून बाहेरचे मीटर बसवतो. तुमच्याकडून फक्त एक ओळ पाहिजे, लेखी."

"कसली?"

"यंत्र मानकाप्रमाणे आहे की नाही. एवढंच. सोमवारी द्या. आणि तोवर सर्व्हरला हात लावू नका, आमचा माणूस येऊन तपासणार आहे."

"घरगुती म्हणजे कुणी केलीत ती?"

"आहेत एक मगदूम म्हणून. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक होते. रिटायर झाले. चांगला माणूस आहे हो, पण चांगुलपणावर पाणी मोजता येत नाही. सध्या लुनावरून अकरा बंधारे फिरतोय काठी घेऊन. सहासष्ट वर्षांचा माणूस. कुठं घसरला तर आमच्या गळ्यात यायचं."

नोंदी उघडायला मला दहा मिनिटं लागली. ५५४, ५५४, ५५४. दिवसातून तेहेतीस वेळा पेट्या फोन लावत होत्या आणि तेहेतीस वेळा मी त्यांना तोडत होते.

दुसऱ्या दिवशी सर आले. डोळ्यावर हिरवी पट्टी. मी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "पण सर, मानक माझ्या बाजूनं आहे."

"मानकाला बाजू नसते."

"थांबावं असं लिहिलंय. त्यांची पेटी थांबत नाही. मग मी 'मानकाप्रमाणे नाही' असं लिहिलं तर त्यात खोटं काय आहे?"

"काही नाही."

"मग?"

सरांनी उरलेला डोळा मिटून घेतला. मग टेबलाचा खालचा खण ओढला आणि आतून एक जुनं, कडा पिवळ्या पडलेलं बंद पाकीट काढलं.

"आडुरवाडीला जाऊन ये. मगदूमांकडे मानकाची एक प्रत आहे, ती बघ. मग तुला वाटेल ते लिही, मी अक्षर बदलणार नाही."

"आणि हे?"

"जवळ ठेव. त्यांनी विचारलं तर दे. नाही विचारलं तर परत आण."

"काय विचारलं तर?"

"ते तुला कळेल," सर म्हणाले. "त्यांनाही कळेल."

३५४

आडुरवाडी म्हणजे चढावरची तीस-चाळीस घरं आणि सगळीकडे काजूची झाडं. मगदूमांचं घर एसटीच्या कंडक्टरनंच दाखवलं. मी दाराशी जाऊन बेल शोधत उभी राहिले. बेल नव्हती. कडी वाजवावी की नाही, ते ठरेना.

आतून बाईमाणसाचा आवाज आला. "कोण ओ? जनगणना झाली की आमची मागंच."

"मी पुण्याहून आलेय. शहासने सरांच्या ऑफिसातून."

नऊवारीतल्या काकी हात पुसत बाहेर आल्या. मला खालवर बघितलं. "मग हाक मारायला काय झालं? मुक्यानं उभी राहिलीस ते मला वाटलं कुणी सरकारी. ये, बस. हे पाण्यावर गेल्यात."

मगदूम तासाभरानं आले. लुनाला बांधलेली रंगवलेली काठी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, खिशात तीन पेनं. मी कोण ते कळल्यावर त्यांनी पायसुद्धा धुतले नाहीत.

"शहासनेसाहेबांचा डोळा कसा हाय?"

"बरा आहे. तुम्हाला कसं माहीत?"

"त्यांच्या ऑफिसात फोन केलोतो, पेट्या गप झाल्या म्हणून. कुणीतरी म्हटलं साहेब ऑपरेशनला गेल्यात. मग म्हटलं, आता डोळा बांधलेल्या माणसाला कशाला तरास. चार दिवस काठीनं मोजतो."

"तुम्ही सरांना भेटलायत?"

"न्हाई ओ. बोललो पण न्हाई कधी. शहाण्णव साली एक पत्र टाकलोतो. पेपरात त्यांच्या कंपनीचं नाव वाचून. म्हटलं, यंत्रानं टपाल कसं टाकायचं त्याचे काय नियम असतील तर झेरॉक्स मिळंल का. आठव्या दिवशी पार्सल. सत्तर पानं! काकीला वाटलं, कोर्टाचं काय आलं."

"मला काय ठावं," काकी आतून म्हणाल्या. "इंग्रजीत आलं की कोर्टाचंच असतंय."

त्यांनी मला जवळच्या बंधाऱ्यावर नेलं. खांबाला लोखंडी पट्टीनं आवळलेली पेटी. पत्र्याचा डबा, सांध्यांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे. झाकण उघडून त्यांनी आतला एकेक भाग बोटानं दाखवला, घरातल्या माणसांची ओळख करून द्यावी तसा.

"ही थांबत का नाही?" मी विचारलं. "फोन लागल्यावर. आमच्याकडून उत्तर यायच्या आधीच सगळं बोलून टाकते."

"थांबून कसं चालंल? आमची लाईन चाळीस सेकंद जगती, मग मरती. तुमच्या सर्व्हरला जागं व्हायलाच कधी कधी तीस लागतात." ते हसले. "तरी हे नंतर कळलं. आधी तसंच बनवलंतं. जो दारात जातो त्यानं आधी आवाज द्यायचा. नियमच हाय तसा."

"असा नियम नाहीये काका."

त्यांनी झाकण लावलं, सोल्युशनची ट्यूब काढून कडेनं बोट फिरवलं. मग म्हणाले, "चला घरी. दाखवतो."

प्रत ट्रंकेत होती. वर्तमानपत्राचं वेष्टण, सुतळीनं शिवलेली. समासात बारीक पेन्सिलीनं शब्दाशब्दाचे मराठी अर्थ. असं वाचलेलं मानक मी तोवर बघितलं नव्हतं, नंतरही नाही. मी पानं उलटत गेले. पस्तीस. छत्तीस.

छत्तीसनंतर वहीचं एक रेघांचं पान शिवलेलं होतं. वर तांबड्या शाईत, प्रयोगवहीच्या अक्षरात लिहिलं होतं :

*पान ३७ (अंदाजाने). जो दुसऱ्याच्या दारी जातो त्याने आधी आवाज द्यावा. घरातल्याने ऐकून घ्यावे. काम सांगून निघावे. दाराशी मुकाट उभे राहू नये. चूक असल्यास शहासनेसाहेब कळवतील.*

मग अडतीस.

"सदतिसावं पान नव्हतंच?"

"न्हवतं. झेरॉक्सवाल्याकडं राहिलं असंल. दोनदा मोजून बघितलं."

"मग कळवलं का नाही तुम्ही?"

"कसं कळवू?" मगदूम खरंच गोंधळले. "वळख ना पाळख. एका पत्रावर माणसानं सत्तर पानं पाठवली, टपालहशील स्वतःचं. त्याला उलट लिहू, की एक कमी पडलं? छत्तीस बघितलं, अडतीस बघितलं, मधलं काय असंल त्याचा विचार केला आठ दिवस. एका माणसाचं घर कसं चालतंय, तसंच यंत्राचं चालत असंल, असं म्हटलं. आणि चाललं की! पहिल्या दिवशी पेटी बोलली आणि तुमच्याकडनं 'पोचलं' म्हणून आलं. मी काकीला म्हटलं, अंदाज बरोबर आला."

"दोन दिवस तेच सांगत होते," काकी म्हणाल्या. "म्हशीलासुद्धा सांगितलं."

मगदूम हसले नाहीत. पानावर तळवा ठेवून त्यांनी विचारलं, "चुकलाता व्हय अंदाज?"

मी पाकीट काढून त्यांच्या हातात दिलं.

आत एकच कागद होता. झेरॉक्स, एका बाजूची. खाली आकडा सदतीस. त्यांनी चष्मा चढवला, भिंग घेतलं, शब्दकोश मांडीवर घेतला. काकी भाताचं आधण ठेवायला गेल्या, परत आल्या, तरी ते वाचतच होते.

"म्हणजे," ते शेवटी म्हणाले, "घरातल्यानं आधी 'या' म्हणायचं. मग पाव्हण्यानं तोंड उघडायचं. तवर उभा."

"हो."

"पुण्याचा नियम दिसतोय."

"अमेरिकेचा आहे काका."

"तेच की."

त्यांनी कागद उलटा केला. मागच्या बाजूकडे ते बराच वेळ बघत होते. माझ्या बाजूनं फक्त छापील अक्षरं दिसत होती. मग त्यांनी तो चार घड्या घालून तीन पेनांच्या मागं खिशात ठेवला.

"आता काढतील पेट्या," ते म्हणाले. आवाज साधाच होता. "नव्या मीटरवाल्यास्नी एक सांगा. नवव्या बंधाऱ्यावर मुंग्या हुत्यात. पेटीच्या बुडाला राख लावायला लागती. त्यांच्या पुस्तकात नसंल ते."

२५०

जेवण झालं. उकड्या तांदळाचा भात, कुळथाची आमटी. मी ओट्यावर बसून पिशवीतली माझी स्वतःची प्रत काढली. सदतिसावं पान मी वीस वेळा तरी वाचलं होतं. एकविसाव्यांदा वाचलं, समासात पेन्सिलीनं अर्थ लिहीत, मगदूमांसारखं.

पाठवणाऱ्यानं थांबावं. बरोबर.

नाही थांबला तर?

मी पुढचं पान वाचलं. मागचं वाचलं. नाही थांबला तर त्याला तोडा, असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. ते लिहिणारी मी होते. प्रोग्रॅमच्या चारशे दहाव्या ओळीत. आणि गेले पाच दिवस त्याला मानक म्हणत होते.

"काकी, कागद मिळेल?"

वहीचं रेघांचं पान मिळालं. बिडव्यांना एकच ओळ हवी होती, मी दोन लिहिल्या. *पेट्या बंद पडण्याचं कारण पेट्यांत नाही, आमच्या सर्व्हरमध्ये आहे. ते मी घातलं, मानकात तसं सांगितलेलं नसताना.* खाली सही, तारीख, आडुरवाडी.

मगदूमांनी वाचलं.

"हे दिल्यावर तुझी नोकरी राहती का?"

"बघू."

"बघू काय? फाडून टाक त्यो कागद. अकरा पत्र्याच्या डब्यांसाठी..."

"डब्यांसाठी नाही," मी म्हणाले. "खरं काय आहे ते विचारलंय त्यांनी."

मगदूम उठले, आतल्या खोलीत गेले आणि फोन फिरवायला लागले. नंबर पाठ होता. पलीकडे उचलल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला, आणि लगेच मगदूमांचा, मध्ये श्वाससुद्धा न घेता :

"शहासनेसाहेब, मगदूम बोलतोय आडुरवाडीहून, पान पोचलं, उशिरा का हुईना पोचलं, पाठची बाजू पण वाचली, अंदाज माझा चुकलाता पण तुम्ही चालवून घेतला, पोरगी गुणाची हाय, जेवली, उद्याच्या सकाळच्या गाडीनं निघंल, नवव्यावर पाणी एक मीटर दहा हाय, सोमवारी बरगे घालायला घेतो, डोळ्याला जपा, येतो."

आणि रिसीव्हर खाली.

"काय म्हणाले सर?"

"चाळीस सेकंदांत त्यांचं कशाला ऐकत बसू?" मगदूम म्हणाले. पण ते फोनजवळच बसून राहिले, हात खिशावर.

२२१

सोमवारी बिडव्यांनी कागद तीनदा वाचला. "म्हणजे चूक तुमची? आणि तुम्ही ती लेखी देताय?"

"तुम्ही लेखी मागितलं होतं."

"मी त्यांच्याबद्दल मागितलं होतं!"

शहासने सर उठले, कागद ओढून घेतला, माझ्या सहीखाली स्वतःची केली आणि परत दिला. पेट्या राहिल्या. पुढच्या वर्षी न्यासानं सर्व्हर दुसऱ्या कंपनीकडून घेतला. माझी नोकरी राहिली.

त्या दुपारी चहा आला तेव्हा सर म्हणाले, "झेरॉक्सवाल्यानं ते पान दोन दिवसांनी आणून दिलं. मशीनखाली पडलं होतं म्हणे. पार्सल गेलेलं. नुसतं पान कसं पाठवायचं, सोबत चार ओळी लिहू म्हटलं. महिना गेला. मग त्यांची पेटी बोलायला लागली, चुकीची, माझ्यामुळं चुकीची. आता कुठल्या तोंडानं सांगू, असं झालं."

"म्हणून ती ओळ."

"म्हणून ती ओळ." सरांनी सगळ्यांचे कप बघितले. "परवा त्यांचा फोन आला. मी उचलला. हॅलोतला 'हॅ' म्हणालो असेन."

मी चारशे दहावी ओळ बदलली. आधी बोलला म्हणून कुणालाच तोडायचं नाही, काय बोलतोय ते ऐकून ठरवायचं. कचरा थोडा वाढला. चारशे बाराव्या ओळीची मग गरज नव्हती. तरी सरांची टीप मी परत होती तिथं ठेवली.

मगदूम पाच वर्षांपूर्वी गेले. काकींनी ती सुतळीनं शिवलेली प्रत माझ्याकडे पाठवली. आता माझ्या हाताखाली पंधरा मुलं-मुली आहेत. कुणी नवीन आलं की मी त्यांना आधी ती वाचायला देते. छत्तीसनंतर तिच्यात दोन सदतिसावी पानं आहेत. आधी वहीचं, मग झेरॉक्सचं, चार घड्या पडलेलं.

२२०

झेरॉक्सच्या पानाच्या मागच्या बाजूला, निळ्या शाईत : १२ जुलै १९९६. रा. रा. मगदूम यांस सप्रेम नमस्कार. त्याखाली कागद कोरा आहे.